जुन्या मोटारीला नटवताना...

हिवाळ्याची चाहूल लागली की मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जुन्या मोटारींच्या फेऱ्यांचा आणि प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. रविवारी सकाळी ओळीने उभ्या असलेल्या त्या मोटारींभोवती दोन-तीन पिढ्यांची गर्दी जमते. नातवंडांना वाटोळ्या दिव्यांचे आणि लांबलचक बॉनेटचे अप्रूप असते, तर आजोबांना कधीकाळी आपल्या दारात उभी असलेली गाडी पुन्हा भेटल्याचा आनंद. काही तासांच्या या दर्शनासाठी मालकाने मात्र काही महिने, कधी काही वर्षे खर्ची घातलेली असतात. त्या काळात त्याला असंख्य लहानमोठे निर्णय घ्यावे लागतात. त्यातील काही असे असतात की एकदा घेतल्यावर ते मागे फिरवता येत नाहीत. जुनी मोटार प्रदर्शनासाठी सज्ज करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेताना या निर्णयांकडेच अधिक लक्ष द्यायला हवे.

एकेकाळी हा छंद संस्थानिकांच्या वारसदारांचा आणि मोजक्या धनिकांचा मानला जाई. रोल्स-रॉइस, पॅकार्ड, ब्यूक ही नावे त्याच्याशी जोडलेली होती. आज परिस्थिती बदलली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि मध्यमवर्गाचे मोटारीचे स्वप्न आवाक्यात आले. १९६४ पासूनची ‘डिलाइट’, त्यानंतरची ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासूनची ‘पद्मिनी’ ही मूलतः एकाच घराण्यातील भावंडे. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसवलेला गिअर ही त्यांची ओळख. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनीने अनेक दशके सेवा केली. टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती त्या भूमिकेतून निवृत्त झाली. या गाडीच्या पहिल्या वर्षांतील नगांनी आता पन्नाशी ओलांडली आहे. म्हणजे आपल्या वडिलांची किंवा काकांची गाडी आज प्रदर्शनाच्या रांगेत उभी राहू शकते.

‘व्हिंटेज’ कोणाला म्हणावे?

बोलीभाषेत आपण प्रत्येक जुन्या मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणतो. ब्रिटनमधील शौकिनांच्या रूढ वर्गवारीनुसार मात्र १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच हे बिरुद लावले जाते आणि त्यानंतरच्या निवडक मोटारी ‘पोस्ट-व्हिंटेज थरोब्रेड’ या सदरात येतात. आपल्याकडील क्लब आपापल्या स्पर्धांसाठी वर्षांच्या वेगवेगळ्या मर्यादा ठरवतात. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ असलेल्या ‘फिवा’च्या व्याख्येनुसार किमान तीस वर्षे जुनी, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेली आणि दैनंदिन प्रवासासाठी न वापरली जाणारी मोटार ‘ऐतिहासिक वाहन’ ठरते.

भारतात कायद्याने या शब्दाला अर्थ दिला तो २०२१ साली. त्या वर्षी जुलैत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते, नूतनीकरणास ५ हजार रुपये पडतात. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला मात्र आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. ‘एमएच’ मालिका येण्यापूर्वीचा तीन अक्षरी क्रमांक ज्यांच्या गाडीवर आहे, त्यांच्यासाठी ही सवलत मोलाची आहे. अशा नोंदणीच्या गाडीला प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यापारी वापराला परवानगी नाही.

याच नियमांतील एक अट आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, असे नियम सांगतो. थोडक्यात, मोटारीचे वय पुरेसे नाही, तिचे मूळपण शाबूत असायला हवे.

नवी करायची की जपायची?

गॅरेजमधील धूळ झटकून गाडी बाहेर काढली की पहिला विचार मनात येतो तो रंगाचा. ‘पूर्ण घासून नवा रंग मारा, सगळे क्रोम नवे करा, सीट बदला’, असा सल्ला चहुबाजूंनी मिळू लागतो. पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहून अधिक चकचकीत गाडी आज बनवता येते, यात शंका नाही. प्रश्न असा की ती मग तीच गाडी राहते काय? कारखान्यातील मूळ रंग, त्या काळच्या शिवणीचे सीट, काचेवरील निर्मात्याचा शिक्का, वायरिंगवरील कापडी वेष्टण या गोष्टी त्या काळातील कारागिरीचा पुरावा असतात. एकदा त्या काढून फेकल्या की कितीही पैसे ओतले तरी परत मिळत नाहीत.

जागतिक पातळीवर हा विचार आता चांगलाच रुजला आहे. वास्तू आणि स्मारकांच्या जतनासाठी जशा सनदा आहेत, त्याच धर्तीवर ‘फिवा’ने ‘ट्युरिन सनद’ या नावाने मोटारींच्या जतनाची तत्त्वे मांडली. जतन, संवर्धन, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांतील फरक ती स्पष्ट करते आणि मूळ द्रव्य शक्य तितके राखण्याचा आग्रह धरते. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० पासून भरणारी स्पर्धा या क्षेत्रात सर्वोच्च मानली जाते. तेथील सर्वोत्तम मोटारीचा मान वर्षानुवर्षे आरशासारख्या लखलखणाऱ्या, संपूर्ण पुनर्बांधणी झालेल्या मोटारींना मिळत असे. २०२४ मध्ये प्रथमच तो मान जतन केलेल्या, अंगावर वयाच्या खुणा बाळगणाऱ्या मोटारीला मिळाला. ही होती १९३४ सालची बुगाटी टाइप ५९, कधीकाळी बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्या मालकीची. तिच्या काळ्या रंगाला गेलेले तडे तसेच ठेवलेले होते.

अर्थात प्रत्येक गाडीच्या बाबतीत हाच मार्ग योग्य ठरेल असे नाही. तळाचा पत्रा गंजून चाळण झालेल्या, दोन-तीनदा भलत्याच रंगात रंगवलेल्या गाडीत जपण्यासारखे मूळ फारसे उरलेले नसते. तिथे पुनर्बांधणीला पर्याय नाही. पण मूळ रंगाचा ऐंशी टक्के भाग शिल्लक असताना केवळ वीस टक्क्यांसाठी संपूर्ण गाडी घासून काढणे हा अविचार होय. प्रत्येक भागाबाबत ‘हा स्वच्छ करून चालेल का, दुरुस्त करून चालेल का, आणि दोन्ही शक्य नसेल तरच बदलावा का’, या क्रमाने विचार केला तर बहुतेक चुका टळतात.

पहिले हत्यार कॅमेरा

कामाचा प्रारंभ म्हणूनच पान्याने न करता कॅमेऱ्याने करावा. गाडीची बाहेरून, आतून, बॉनेट आणि डिकी उघडून, शक्य तर खालूनही छायाचित्रे घ्यावीत. कोणता पाइप कोणत्या क्लिपने धरला आहे, कोणता स्क्रू चपट्या डोक्याचा आहे, कोणत्या भागावर रंग आहे आणि कोणता उघडा धातू आहे, हे सारे नोंदले जायला हवे. सुटे केलेले भाग चिठ्ठी लावून पिशव्यांत ठेवावेत. सहा महिन्यांनी जोडणी करताना ही शिस्त किती उपयोगी पडते, हे कोणताही जुना मेकॅनिक सांगेल.

त्यानंतर अभ्यास. चेसिस आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतात का, हे तपासावे. आपल्या गाडीच्या वर्षाला कोणती जाळी, कोणते दिवे, कोणते स्टिअरिंग होते, हे त्या काळचे माहितीपत्रक, मालकासाठीची पुस्तिका आणि सुट्या भागांची यादी यांवरून पडताळता येते. फियाट-पद्मिनी घराण्यात एका वर्षाचे अनेक भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला बसतात. ही सोय असली तरी त्यामुळेच अनेक जुन्या फियाटींच्या अंगावर पुढच्या काळातील दागिने चढलेले दिसतात. मुंबईतील चोर बाजार, ऑपेरा हाउसचा सुट्या भागांचा बाजार किंवा पुण्यातील नाना पेठ येथे धुंडाळल्यास मूळ भाग अजूनही हाती लागू शकतात. त्यासाठी सवड आणि चिकाटी हवी. घरच्या जुन्या अल्बममधील छायाचित्रे, खरेदीची पावती, सर्व्हिसच्या नोंदी हाही गाडीचाच भाग आहे. पंचांसमोर नीट लावलेली अशी फाइल ठेवली तर गाडीची कहाणी वेगळी सांगावी लागत नाही.

गंज, रंग आणि क्रोम

कोकण किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आपल्याकडील जुन्या मोटारींचा खरा शत्रू गंज हाच होय. तो बाहेरून दिसतो त्याच्या कितीतरी आधी आतून काम करीत असतो. रबरी मॅटखालचा पत्रा, दरवाजांच्या खालच्या कडा, दरवाजाखालील पेटीसारखी पट्टी, डिकीत स्टेपनीची जागा आणि जॅक लावण्याची ठिकाणे आधी तपासावीत. दरवाजांच्या तळाशी पाणी निचरून जाण्यासाठी भोके असतात. ती धुळीने बुजली की आत साचलेले पाणी पत्रा खाऊन टाकते. गंजलेल्या जागेवर नुसती पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखे आहे. गंजलेला तुकडा कापून तिथे त्याच जाडीचा पत्रा जोडणे हाच टिकाऊ उपाय. गाडीवर प्लास्टिकचे कापड घट्ट गुंडाळणेही घातक, कारण त्याखाली ओल कोंडते. आच्छादन हवा खेळू देणारे असावे.

रंगाच्या बाबतीत एक तांत्रिक फरक ध्यानात घ्यायला हवा. आजच्या गाड्यांवर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर असतो. जुन्या गाड्यांवर बहुधा रंगाचाच एकसंध थर असे. त्यामुळे पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागतो. घाबरण्याचे कारण नाही, पण दर वेळी मूळ थर थोडा पातळ होत असतो, हे विसरू नये. कडांवर आणि बॉनेटच्या घडीवर तो आधीच झिजलेला असतो. तिथे यंत्राने पॉलिश केल्यास क्षणात अस्तर उघडे पडते. म्हणून आधी सौम्य शाम्पूने दोन बादल्यांच्या पद्धतीने धुणे, म्हणजे एक बादली साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळण्याची. मग सावलीत सुकवणे, एखाद्या कोपऱ्यात सर्वांत सौम्य पॉलिश हाताने लावून पाहणे आणि शेवटी ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या मेणाचा पातळ थर देणे, हा सुरक्षित क्रम आहे. भांडी घासण्याचा साबण गाडीपासून दूरच ठेवावा. तो रंगावरील मेण धुऊन नेतो.

क्रोमचे बंपर आणि पट्ट्या यांचे सौंदर्य फसवे असते. दर्जेदार मुलाम्यात आधी तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा अतिशय पातळ थर असतो. तारेच्या जाड घासणीने तो ओरखडला जातो आणि त्या ओरखड्यांतून ओल निकेलखाली शिरते. पृष्ठभागावरील तांबूस डाग तेलात भिजवलेल्या अतिबारीक स्टील वूलने हलक्या हाताने निघतात. पुन्हा मुलामा द्यायचाच झाला तर जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली नावाची अक्षरे, मोनोग्राम, हँडल यांबाबत विशेष सावध राहावे. मुलाम्यापूर्वीच्या घासकामात अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि ठसठशीत नाव पुसट होऊन परत येते.

आसने बदलावी लागली तर जुने कव्हर फाडून टाकू नये. ते उसवून त्याच्याच तुकड्यांवरून नवे कापड बेतावे, म्हणजे शिवणीचा मूळ नमुना कायम राहतो. कापड वा रेक्झिनचा पोत आणि रंग मूळ तुकड्याशी उन्हात ताडून पाहावा.

चालती गाडी

प्रदर्शनात मोटार पुतळ्यासारखी उभी असली तरी ती चालती असणे अपेक्षित असते. रंगरंगोटी उत्तम आणि इंजिन सुरूच होत नाही, अशी अवस्था कुणालाही शोभत नाही. म्हणून कामाचा क्रम आधी यंत्र, मग अंग आणि शेवटी झळाळी असा ठेवावा. उलट केल्यास नव्या रंगावर मेकॅनिकच्या हातांचे तेलकट ठसे उमटतात.

इंधनाचा प्रश्न अलीकडे अधिक गंभीर झाला आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीतील रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा अशा मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनाशेजारी पेट्रोल झिरपू लागते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. गाडी अनेक आठवडे उभी राहिली तर पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे, दीर्घकाळ उभी ठेवण्यापूर्वी टाकी व कार्बोरेटर रिकामे करणे आणि एरवी गाडी ठरावीक दिवसांनी चालवत राहणे, हे तीन उपाय प्रत्येक मालकाने अंगवळणी पाडावेत. मूळपणाचा आग्रह येथे आड येऊ नये. सुरक्षिततेसाठी केलेला आणि पुन्हा पूर्ववत करता येणारा बदल जाणकार समजून घेतात.

हीच गोष्ट ब्रेकची. ब्रेक ऑइलही ओल शोषते. त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि चाकांतील सिलिंडर आतून गंजतात. दर दोन वर्षांनी ते बदलावे. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचे वय पाहावे. कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. दिवे, दर्शक, हॉर्न, वायपर, डॅशबोर्डवरील काटे हे सर्व तपासून घ्यावे. पंच ते चालवून दाखवायला सांगतात.

पंचांची नजर

परीक्षणाच्या पद्धती निरनिराळ्या असल्या तरी अनेक ठिकाणी गाडीला आधी पूर्ण १०० गुण देऊन उणिवांनुसार ते वजा केले जातात. बाह्यांग, रंग, क्रोम, अंतर्भाग, इंजिन, तळ आणि चाके यांची स्वतंत्र पाहणी होते. नवशिक्या मालकांना आश्चर्य वाटते ते अतिरेकासाठी कापल्या जाणाऱ्या गुणांचे. कारखान्यात जिथे साधा काळा रंग होता तिथे क्रोम केले, इंजिनाच्या भागांना मूळ नसलेली चकाकी दिली, काळाशी विसंगत चाके बसवली, तर दर्शक खूश होतात, पण पंचांच्या कागदावर गुण वजा होतात. याउलट मूळ जॅक, हत्यारांची कापडी गुंडाळी, मालकाची पुस्तिका आणि योग्य स्टेपनी असलेली साधी गाडी पुढे निघून जाते.

शेवटचा आठवडा नवे काही करण्याचा नसतो. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून पाहावी, गळती तपासावी, विमा आणि इतर कागदपत्रे एकत्र ठेवावीत. आदल्या दिवशी काचा आतूनबाहेरून पुसाव्यात. चाकांच्या कमानी, दरवाजांच्या कडा, पेडलवरील माती या दुर्लक्षित जागा साफ कराव्यात. टायरवर तेलकट चकाकी आणणारा फवारा मारू नये. प्रदर्शनाच्या दिवशी सोबत मऊ फडकी, ब्रश, जागेवर तेल सांडू नये म्हणून ताट आणि अग्निशामक असावा. गर्दीतील मुलांना गाडीला हात लावण्याचा मोह होणारच. त्यांच्यावर खेकसण्यापेक्षा एखादा दरवाजा उघडून आत बसू दिले तर त्या मुलांपैकी कुणीतरी उद्या हा वारसा पुढे नेईल.

कारण या छंदाचा खरा तुटवडा पैशांचा नाही. हातोडीने पत्रा घडवणारे डेंटर, डायनॅमो दुरुस्त करणारे इलेक्ट्रिशियन आणि जुन्या पद्धतीने आसने शिवणारे कारागीर वयोवृद्ध होत आहेत. त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायांकडे वळली आहेत. एखादी फियाट प्रदर्शनासाठी तयार होते तेव्हा अशा चार-पाच हातांना काम मिळते, आणि शेजारी उभा असलेला एखादा तरुण ते काम पाहून शिकतो. काम चालू असताना त्याचीही छायाचित्रे आणि टिपणे ठेवली तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी मार्गदर्शनाला तो कारागीर नसला तरी त्याची रीत हाताशी राहील.

आपल्या सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा गावाकडच्या पडवीत कापडाखाली झाकलेली एखादी जुनी गाडी असेल तर या हंगामात तिच्याकडे जरूर पाहावे. फक्त रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत, जुनी कागदपत्रे शोधावीत आणि एक पूर्ण दिवस ती केवळ धुऊन-पुसून पाहावी. त्या धुळीखाली १९७४ चा मूळ रंग शाबूत निघाला, तर अर्धी तयारी झालीच असे समजावे.